घरी येऊन हार्मोन टेस्ट करणारी लॅब : आमचा तीन वेळचा अनुभव

लॅबचं नाव देत नाही, कारण पहिल्या वेळी त्यांची चूक झाली पण नंतर त्यांनी ती नीट केली. तरी ज्यांच्या घरात कोणी सायकॅट्रीच्या गोळ्या घेतंय त्यांनी हे वाचाच.

धाकट्या बहिणीला वर्षभर रिस्पेरिडोन चालू आहे, ४ मिलिग्रॅम. कानात आवाज यायचे ते थांबले, कॉलेज परत सुरू झालं, म्हणजे गोळीने आमची पोरगी आम्हाला परत दिली. पण चार महिने पाळी आली नव्हती आणि तिने कोणाला सांगितलंच नाही. भर उन्हाळ्यात घरात ओढणी घेऊन बसायची. एकदा कपडे भिजवताना तिच्या ब्रावर दोन्हीकडे वाळून कडक झालेले डाग दिसले, दूध येत होतं. आई पार हादरली, तिला नको नको ते विचारायला लागली. मलाच रडू आलं.

डॉक्टरांनी आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावली, निगेटिव्ह. मग रक्ताच्या टेस्ट: प्रोलॅक्टिन (दूध आणणारा हार्मोन), एलएच आणि एफएसएच (मेंदूकडून ओव्हरीला निरोप देणारे हार्मोन), एस्ट्राडायॉल (म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन) आणि थायरॉईडसाठी टीएसएच.

लॅबचा मुलगा सकाळी साडेसहालाच हजर. ही अंथरुणातून उठून डोळे चोळत आली, शीर सापडेना म्हणून दोनदा टोचलं. आता झोपेत प्रोलॅक्टिन वाढलेलंच असतं, टेन्शनने पण वाढतं, म्हणून उठल्यावर दोनतीन तासांनी शांत बसवून रक्त घ्यायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगायला नको का? फॉर्मवर औषधांचा रकानाच नाही. रिपोर्ट आला, प्रोलॅक्टिन ११२, लाल अक्षरात, खाली पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) ट्यूमरची शक्यता छापलेली. आईने देव पाण्यात घातले.

फोन केल्यावर मात्र त्यांनी वाद घातला नाही. परत फुकट आले, दहा वाजता, अर्धा तास बसवून. ९४. म्हणजे वेळेचा फरक थोडाच, वाढलेलं होतंच, आणि एस्ट्राडायॉल खूप कमी.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूतलं डोपामिन प्रोलॅक्टिनला दाबून ठेवतं, रिस्पेरिडोन डोपामिनची जागा अडवतं, मग प्रोलॅक्टिन सुटतं, दूध येतं, आणि ते वाढलं की मेंदूकडून ओव्हरीला जाणारा निरोपच कमी होतो, एलएच एफएसएच पडतात, इस्ट्रोजेन कमी बनतं. ओव्हरी ठणठणीत, तिला कामच मिळत नाही! पुरुषांमध्ये असंच टेस्टोस्टेरॉन उतरतं, आणि ते तर लाजेने अजिबात बोलत नाहीत. स्टेरॉईड म्हटलं की आपल्याला जिममधली इंजेक्शनं आठवतात पण इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन हे शरीर स्वतः कोलेस्टेरॉलपासून बनवतं तेही स्टेरॉईडच. वर्षानुवर्षं कमी राहिले तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून 'पाळी नाही तर नाही, कटकट वाचली' असं करून चालत नाही.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्प्राइडने प्रोलॅक्टिन जास्त वाढतं, क्विटायपिन क्लोझापिनने फारसं नाही, अरिपिप्राझोलने उलट उतरतं. डोकेदुखी नाही, नजरेला त्रास नाही म्हणून स्कॅन लगेच नको म्हणाले, आणि तिला अरिपिप्राझोल ५ मिलिग्रॅम जोडून दिली. रिस्पेरिडोन आम्ही मनाने बंद केली नाही, तुम्हीपण करू नका प्लीज, डॉक्टरांना सांगा, ते बघतात.

दोन महिन्यांनी तिसरी टेस्ट, २१. त्यांच्या रिपोर्टवर २५ पर्यंत नॉर्मल आहे. त्याच आठवड्यात बाथरूमच्या दारातून हळूच आवाज आला, "ताई, पॅड दे ना." मी धावत गेले.

तिसऱ्या वेळी तोच मुलगा दहाला आला, आधी "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" विचारलं आणि फॉर्मच्या कडेला पेनाने लिहून घेतलं. त्याला पाच स्टार. लॅबला तीन, फॉर्मवर औषधांचा रकाना छापला की उरलेले दोन देईन.