फसलेला सीक्वेल: मूळ बघावा, अधिकृत नवी आवृत्ती की फॅन एडिट?

फॅन एडिटने, म्हणजे चाहत्याने स्वतः कापून-जोडून केलेल्या आवृत्तीने, सीक्वेल सुधारतो का, हे तो मुळात कशाने बिघडलाय त्यावर ठरतं. पाल्हाळ, नको तिथला विनोद, तेच तेच पुन्हा समजावणं, असं जास्तीचं काही असेल तर कात्री लावून खरोखर फरक पडतो. पण पात्र असं का वागलं हे दाखवणारा सीनच शूट झालेला नसेल, तर एडिटर तो आणणार कुठून? पुण्यात घरी चार मित्र बोलावून एखाद्या विज्ञानपटाची मालिका ओळीने बघायचा बेत असेल, तर फसलेल्या भागापाशी हे आधी तपासा आणि मग आवृत्ती निवडा.

‘एलियन ३’साठी आम्ही बेधडक अधिकृत आवृत्ती सुचवू. १९९२ साली थिएटरात आलेला सिनेमा ११४ मिनिटांचा होता, २००३ साली डीव्हीडी संचात आलेला ‘असेंब्ली कट’ १४५ मिनिटांचा. वाढलेल्या अर्ध्या तासात कथेचा एक अख्खा तुकडा आहे: तुरुंगातले कैदी परग्रहावरच्या त्या जीवघेण्या प्राण्याला कचऱ्याच्या कोठीत कोंडतात आणि गॉलिक नावाचा कैदी जाऊन त्याला मोकळं सोडतो. थिएटरच्या आवृत्तीत हे नसल्यामुळे गॉलिक मध्येच कुठे नाहीसा झाला ते कळत नाही. हे फुटेज स्टुडिओकडे पडून होतं, बाहेरच्या कुणाच्या हाती ते लागलंच नसतं. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर मात्र या आवृत्तीत सामील नव्हते, तेव्हा तिला ‘डिरेक्टर्स कट’, म्हणजे दिग्दर्शकाची स्वतःची आवृत्ती, समजू नका. आणि शक्यतो ब्लूरेच घ्या. डीव्हीडीत वाढीव सीनमधले काही संवाद नीट ऐकू येत नव्हते, ते २०१०च्या ब्लूरेसाठी नटांकडून पुन्हा बोलून घेतले गेले. आधीच्या भागात वाचलेले न्यूट आणि हिक्स इथे सुरुवातीलाच मरतात याचा राग असेल, तर तो कोणत्याच आवृत्तीने जाणार नाही. पुढची सगळी कथा त्यांच्या मरणावरच उभी आहे.

‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द फँटम मेनेस’चं (१९९९) दुखणं याच्या उलट आहे. तिथे सगळंच जास्त आहे. माइक निकल्स या एडिटरने केलेलं ‘द फँटम एडिट’ २००१च्या सुमारास व्हीएचएस कॅसेटवर हातोहात फिरलं. त्यात १३६ मिनिटांची ११८ झाली. जार जार या विनोदी पात्राचा बराचसा पोरखेळ, यंत्रमानवांची बडबड, मिडीक्लोरियनचा (‘फोर्स’ या शक्तीमागचे सूक्ष्मजीव) उल्लेख, छोट्या अनाकिनचे पोरकट उद्गार असं बरंच काही गेलं आणि कथेचा मुख्य धागा शाबूत राहिला. मोठ्यांच्या बैठकीला असंच छाटलेलं एडिट लावा. घरात आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर मूळच लावा, जार जारवर ती मनापासून हसतात. अनाकिन नऊ वर्षांचाच राहतो आणि पुढच्या भागातल्या प्रेमकथेला पाया मिळत नाही, ही अडचण दोन्हीकडे तशीच उरते.

खरा पेच ‘द मॅट्रिक्स’चा. दुसरा आणि तिसरा भाग, दोन्ही २००३चे, मिळून २६७ मिनिटं. माणसांचं शेवटचं शहर झायॉन गाळून दोन्हींचा एकच सिनेमा करणं हा चाहत्यांचा आवडता प्रयोग आहे. कल्पना चांगली, पण एक धागा ओढला की तीन ठिकाणी उसवतं. दुसऱ्या भागातला गुहेतला नाच घ्या. तो जावा असं पुष्कळांना वाटतं. पण नाच आणि नायक निओ व त्याची प्रेयसी ट्रिनिटी यांचा खोलीतला प्रसंग एकमेकांत गुंफलेत, दोन्हींवर एकच संगीत सलग चालतं आणि शेवटी निओला ट्रिनिटी पडताना दिसते. फक्त नाचाचे शॉट काढले तर चित्र जुळतं, ठेका मात्र प्रत्येक कटला अडखळतो. संगीत सलग ठेवलं तर खोलीतले शॉट पुरत नाहीत. म्हणून अख्खा प्रसंगच काढावा लागतो. तसं केलं तरी निभतं, कारण ट्रिनिटीच्या पडण्याचं स्वप्न सिनेमाच्या सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं.

झायॉनमधल्या इतर पात्रांपैकी झीचे (लिंकची बायको) सीन काढले तरी काही अडत नाही. बेनला मात्र हात लावता येत नाही, त्याच्या अंगात खलनायक स्मिथ शिरलाय आणि पुढे तोच निओचे डोळे घालवतो. मॅट्रिक्स रचणारा आर्किटेक्ट तर स्पष्टच सांगतो की झायॉनचा हा सहावा विनाश असेल. शेवटी निओ यंत्रांशी तह करतो तोही हे शहर वाचावं म्हणून. प्रेक्षकाने शहर पाहिलंच नसेल तर त्या तहात जीव राहत नाही. झायॉन आटोपशीर करणारं एडिट मिळालं तर ते बघा, पुसून टाकणारं असेल तर त्यापेक्षा मूळ दोन भाग बरे.

‘हायलँडर २’ (१९९१) सरळ वगळा. अमर योद्धे परग्रहावरून आले हा त्यातला खुलासा १९९५च्या अधिकृत ‘रेनेगेड’ आवृत्तीत काढला आणि ते पृथ्वीवरच्याच प्राचीन काळातून आले असं केलं. पहिल्या भागाने जे गूढ ठेवलं होतं ते उकलून सांगणं हीच मुळात चूक, आणि ती तशीच राहिली.

आपल्याकडच्या सिनेमात गाणी काढली की काम झालं असं वाटतं, पण तेही तपासून घ्यावं. ‘क्रिश ३’मध्ये (२०१३) खलनायकाच्या बाजूच्या कायाचं मन नायक कृष्णाकडे वळतं हे दाखवायचं बरंचसं काम ‘दिल तू ही बता’ या गाण्यावर आहे. ते गेलं की तिने पुढे बाजू बदलणं अचानक वाटतं.

फॅन एडिट कितपत जमलंय हे दहा मिनिटांत ओळखायचं तर हेडफोन लावा. वाईट एडिट डोळ्यांआधी कानाला कळतं. इंजिनाची घरघर किंवा वारा कटच्या जागी तटकन तुटला, तर समजा फक्त चित्र कापलंय. जाणकार एडिटर आधीच्या सीनचा आवाज पुढच्या सीनवर अर्धा-एक सेकंद ओढून विरवतो. ५.१ ध्वनीत (सहा वेगळ्या चॅनेलचा आवाज) संवाद बहुतेक सेंटर चॅनेलवर असतात आणि संगीत मुख्यतः डाव्या-उजव्या आणि मागच्या चॅनेलवर, त्यामुळे एखादं नकोसं वाक्य सेंटर बंद करून काढता येतं. पण पावलांचे, दाराचे आवाजही बरेचदा तिथेच असतात. ते परत भरले नाहीत तर माणूस जमिनीला पाय न लावता चालल्यासारखा वाटतो. नुसता स्टिरिओ हाताशी असेल तर आवाज सॉफ्टवेअरने वेगळे करावे लागतात आणि मागे पाण्यातून आल्यासारखी खरखर राहते. डिस्कवरचे वगळलेले सीन घुसवलेलं एडिट असेल तर आणखी जपून. त्यांचं रेझोल्यूशन कमी, व्हीएफएक्स अर्धवट, आणि युरोपातल्या डीव्हीडीवरून घेतले असतील तर सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमने चालतात. त्यामुळे वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि आवाजही किंचित चढा लागतो.

स्वतःच एडिटला बसायचं असेल तर आधी कागदावर सीनची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की यातली कोणती गोष्ट पुढे कुठे लागते. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. फ्रेमरेट २३.९७६ हा प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या, फाइल आत घेण्याआधी ठरवा, नंतर तो बदलता येत नाही. १०८० रेझोल्यूशनचं प्रोरेस ४२२ (एडिटिंगसाठीचा व्हिडिओ फाइल प्रकार) तासाला साधारण ५३ जीबी खातं. दोन तासांच्या सिनेमासाठी मूळ फाइल आणि तयार फाइल धरून २५० जीबी मोकळी ठेवा. आवाज सहा चॅनेलच्या वेव्ह फाइलमध्ये काढून घ्या आणि चॅनेलचा क्रम तपासा. वेव्हमध्ये डावा, उजवा, मग सेंटर असतो, ‘५.१ फिल्म’ मांडणीत सेंटर दुसरा येतो. ही निवड चुकली की संवाद उजव्या स्पीकरमधून येतात. पुण्याच्या तापकीर गल्लीत ड्राइव्ह घ्यायला गेलात तर ‘ब्लूरे वाचणारा’ असं स्पष्ट सांगा, डीव्हीडी रायटर दिसायला तसाच असतो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२नुसार, खासगी वापराला काही सूट आहे. ही सूट फाइल इतरांना वाटण्यासाठी नाही. डिस्कचं कुलूप (कॉपी रोखणारं संरक्षण) तोडण्याबद्दल २०१२ साली आलेलं कलम ६५अ वेगळं आहे, तेही एकदा वाचून घ्या. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा फिल्म क्लबमध्ये खेळ लावायचा तर तिकीट नसलं तरी हक्कधारकाची परवानगी लागते. सेन्सॉरचं प्रमाणपत्रही मूळ आवृत्तीचं असतं, कापलेल्या आवृत्तीला ते लागू होत नाही. तिथे परवानगी काढून मूळ किंवा अधिकृत आवृत्तीच दाखवा, फॅन एडिट घरच्या हॉलपुरतं ठेवा.