मैदानावर महानाट्य करावं की आवारात थांब्याथांब्यांवर?

विद्यापीठात इतिहासावरचा मोठा प्रयोग करायचा ठरला, इतिहास विभागाने संहिता तपासून दिली, की पहिला वाद जागेवरून होतो. काहींना मैदानावर एकच भव्य महानाट्य हवं असतं. काही म्हणतात, आवारात सहा ठिकाणी सहा प्रवेश लावू आणि प्रेक्षकांना गटागटाने फिरवू.

दोन्हींना जुना आधार आहे. १९०५ मध्ये इंग्लंडातल्या शेरबर्न गावात नाटककार लुई पार्कर यांनी पडक्या किल्ल्याच्या आवारात सुमारे ९०० गावकऱ्यांना घेऊन मैदानी प्रयोग उभा केला आणि त्या धर्तीच्या प्रयोगांची लाटच आली. फिरत्या प्रयोगाची परंपरा त्याहून बरीच जुनी. मध्ययुगीन यॉर्कमध्ये चाकांच्या गाड्यांवरची धार्मिक नाटकं शहरातल्या ठरलेल्या थांब्यांवर एकामागून एक होत. तिथे प्रेक्षक जागेवर आणि नाटक फिरतं. १९७७ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या आवारात ती अशीच गाड्यांवर सादर झाली. आपल्याला गाड्यांची हौस नसली तर बरं. उतार, चाकं, ब्रेक यांतच निम्मं मनुष्यबळ जातं. प्रेक्षकांनी चालणं सोपं.

मैदानाच्या बाजूने बोलायचं तर हजार-दीड हजार लोक एकाच वेळी बघतात, प्रकाशयोजना आणि ध्वनियंत्रणा एकदाच लागते, युद्ध किंवा मिरवणूक दाखवायची तर तेवढी रुंदी दुसरीकडे मिळत नाही. पडदा नसल्यामुळे साठ जणांचं समूहदृश्य बाहेर काढायला मिनिट-दीड मिनिट लागतं, पण एक तुकडी डावीकडून बाहेर पडत असतानाच दुसरी उजवीकडून आत घेतली की ते निभतं. सगळ्यांना एकत्र तालमीला आणणं हा मोठा ताप. तासिका आणि प्रात्यक्षिकं सांभाळून शे-सव्वाशे विद्यार्थ्यांना एक सामाईक रिकामा तास मिळत नाही. तरीही शेवटच्या आठवड्यात ते कसंबसं जमतं.

मला खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. मैदानावर कोण बोलतंय ते कळत नाही. तीस-चाळीस मीटरवरून चेहरा दिसत नाही, ओठ तर नाहीच, आणि सगळ्यांचा आवाज त्याच दोन स्पीकरमधून येतो. राजा उजव्या कोपऱ्यात बोलतो आणि प्रेक्षकांच्या माना डावीकडे वळतात. उपाय आहेत: बोलणाऱ्याने एक पाऊल पुढे यायचं आणि हात उंचावायचा, बाकीच्यांनी स्तब्ध राहायचं, मुख्य पात्रांना ठळक एकरंगी वेश द्यायचा. त्याने थोडं सुधारतं. पण हाताशी असतात आठ-दहा कॉलर माइक. ते विंगेत काढून दुसऱ्याला लावायला वेळ लागतो, वारा सुटला की खरखर होते. मग दिग्दर्शक हळूहळू संवाद कापतो, उरलेले आधीच ध्वनिमुद्रित करतो आणि कथा निवेदकाकडे जाते. विद्यार्थी उरतात नुसते हावभाव करायला. मूकदृश्यं आणि निवेदन हा प्रकार मुळात वाईट नाही. कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेला ‘द स्टार ऑफ इथिओपिया’ हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचा भव्य प्रयोग बराचसा तसाच होता. पण तो तसाच रचलेला होता. वादविवाद, खटला, पत्रव्यवहार यांवर उभी असलेली संहिता मैदानावर नेली, तर जे शिकवायचं तेच गळून पडतं.

थांब्यांवर हे दुखणं नाही. चाळीस जण अर्धवर्तुळात तीन ओळींत उभे केले की शेवटचा माणूस सहा-सात मीटरवर राहतो. माइक लागत नाही. प्रवेश संपल्यावर एखादा प्रश्नही विचारता येतो.

त्रास आहे तो घड्याळाचा. प्रवेश नऊ मिनिटांचा आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालायला चार, असं तेराचं चक्र धरा. सगळे गट एकदम वेगवेगळ्या थांब्यांवरून सुरू केले तर कुणी इतिहास मधूनच बघतं. म्हणून दर तेरा मिनिटांनी एक गट पहिल्या थांब्यावरून सोडायचा. सहावा गट ६५व्या मिनिटाला निघतो आणि १३९व्या मिनिटाला संपवतो. अडीच तासांच्या आतबाहेर २४० प्रेक्षक होतात, त्याहून जास्त नाही. सगळ्यांत लांबलेला प्रवेश मागच्या सगळ्यांना अडवतो, म्हणून तालमीत प्रत्येक प्रवेश आठ मिनिटांत बसवावा. प्रयोगात तो वाढतोच. गटप्रमुखाच्या हाती घंटा द्यावी, नटाच्या नको. शेजारच्या दोन थांब्यांमध्ये इमारत असावी आणि ढोल-ताशाचे प्रवेश लागोपाठ ठेवू नयेत, नाहीतर एकाचा खटला दुसऱ्याच्या लढाईत बुडतो. मुख्य भूमिकांना दोन-दोन नट हवेत. एका संध्याकाळी तोच प्रवेश सहादा केला की घसा बसतो. ही दुहेरी निवड कटकटीची वाटते, पण बोलायची संधी दुप्पट विद्यार्थ्यांना मिळते, आणि प्रत्येक विभाग आपल्या सोयीच्या तासाला आपला प्रवेश बसवू शकतो.

पाहुणे पाचशेच्या वर असतील, किंवा बरेच जण वयस्कर असतील आणि आवारात पायऱ्या फार असतील, तर मैदानच घ्यावं. मग संहिता सुरुवातीपासूनच निवेदनाची लिहून घ्यावी. बाकी ठिकाणी माझा कल थांब्यांकडे आहे. ‘शेवटचा प्रवेश सगळ्यांनी एकत्र मैदानावर’ ही तडजोड बैठकीत हमखास सुचते. ती स्वीकारण्याआधी एवढं पाहावं की पहिला गट ७४व्या मिनिटालाच मोकळा होतो. पुढचा तासभर त्याला बसवायचं कुठे, याची सोय आधी लागते.