हेडलाइटला सिरॅमिक कोटिंग, क्लिअर कोट की पीपीएफ?

माझी गाडी २०१५ची. सोलापुरात, सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते, कारण छताखालची जागा आमच्या वाट्याला आली नाही. गाडीचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूचा दिवा दुपारपासून मावळतीपर्यंत थेट उन्हात. इथलं एप्रिल-मेचं ऊन कसं असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. पाचव्या वर्षी दोन्ही दिवे ताकाच्या निवळीसारखे पिवळट दिसायला लागले. तेव्हापासून त्यांच्यावर वाफेचं पॉलिश झालं, सिरॅमिक कोटिंग (पुसून लावायचा अगदी पातळ पारदर्शक थर) झालं आणि पीपीएफ, म्हणजे गाडीवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, तीही झाली. टू-के क्लिअर कोट, म्हणजे पेंटर फवारतो तो पारदर्शक वार्निशसारखा थर, मी स्वतः केला नाही, पण चुलतभावाच्या गाडीवर तो चार वर्षं बघत आलो आहे. ज्याला यातलं एक निवडायचं आहे त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हा अनुभव लिहितो.

दिसण्यासाठी मी एवढा खटाटोप केला नसता. ऊस गाळपाच्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात आणि त्यातल्या कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टरही उसाच्या पाचटात झाकलेला असतो. पंढरपूरहून परत येताना अशी एक ट्रॉली मला फारच उशिरा दिसली. ब्रेक लागला, सगळे सुखरूप घरी आलो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा दिव्यांकडे नीट पाहिलं. अमेरिकेत एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१८ साली चाचणी केली होती. पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्याच्या जेमतेम वीस टक्के प्रकाश बाहेर पडतो, असं त्यात आढळलं. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. आवाराची पांढरी भिंत आहे आणि रोज रात्री त्याच जागी गाडी लावायची सवय आहे, मी तेवढ्यावरच बोलतो.

सगळ्यात आधी वाफेच्या पॉलिशबद्दल, कारण गल्लोगल्ली तेच सुचवलं जातं. विजेच्या कपात रसायन तापवतात आणि त्याची वाफ दिव्यावर सोडतात. पाच मिनिटांत काच चकचकीत होते. आपण काच म्हणतो खरं, पण ते पॉलिकार्बोनेट असतं आणि ती वाफ त्याचा वरचा पापुद्रा विरघळवून सपाट करते. कंपनीने ऊन अडवण्यासाठी दिलेला कडक थर आधीच्या घासणीत निघून गेलेला असतो आणि त्याच्या जागी नवं काहीच येत नाही. माझ्या दिव्यांवर आठ महिन्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटल्या. त्या भेगा घालवायला पुढे आठशे नंबरच्या, म्हणजे बऱ्याच खरखरीत वॉटर पेपरपासून सुरुवात करावी लागली (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). शिवाय ती वाफ नाकात जाऊ देण्यासारखी नाही, आणि त्या दुकानातल्या पोराच्या तोंडावर साधा रुमालही नव्हता. हा पर्याय मी यादीतून काढूनच टाकला आहे. टूथपेस्टचंही तेच. चमक येते, संरक्षण नाही.

राहिले तीन.

सिरॅमिक कोटिंग सगळ्यात सोपं. दिवा घासून, बफ करून, अल्कोहोलने पुसून घ्यायचा, कापडाच्या तुकड्यावर चार थेंब घेऊन फिरवायचे आणि मिनिटभराने पुसायचे. २०२२च्या एप्रिलमध्ये दोन्ही दिव्यांचं मिळून मला पंधराशे रुपयांत करून मिळालं. पहिले सहा महिने मी फार खूश होतो. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, बादलीतलं पाणी गाडीवर वाळलं की पांढरे डाग पडतात. ते या कोटिंगवर पडायचे, पण ओल्या कापडाने निघायचे. चिलटं, किडे, चिखल, काही चिकटून बसायचं नाही.

अडचण उन्हाची आहे. हा थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऊन शोषून घेणारं द्रव्य त्यात घातलेलं असलं, तरी एवढ्या पातळ थरात ते मावणार किती? त्यातच आमच्या आवारात गाडी पुसणारा पहाटे एकाच फडक्याने दहा गाड्या पुसतो. तो मनापासून काम करतो, त्याला बोल लावत नाही, पण फडक्यातली धूळ रोज थोडी थोडी त्या थरावर घासली जाते. कोटिंग संपलं हे कळायला काहीच खूण नाही. पाणी मोत्यासारखं ओघळायचं थांबलं म्हणून संपलं म्हणावं, तर नुसत्या धुळीच्या थरानेही तसं होतं. मला कळलं ते चौदाव्या महिन्यात, दिव्याच्या वरच्या कडेला पिवळी रेघ दिसली तेव्हा. म्हणजे ऊन प्लास्टिकपर्यंत पोचून काही दिवस झाले होते. आता नवं कोटिंग लावायचं तर आधी ती पिवळी रेघ काढायला हवी, आणि ती काढायची म्हणजे पुन्हा घासायचं.

माझा निकाल या घासण्यावर लागला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. बंपर आणि बॉनेटच्या कडेला मास्किंग टेप लावायची, एका हाताने पाणी सोडत राहायचं, दुसऱ्या हाताने हजारचा पेपर आडवा, मग पंधराशेचा उभा, मग दोन हजार, मग तीन हजार. सुरुवातीला पेपराखालून पिवळसर, दाट, दुधासारखं पाणी बंपरवरून ओघळतं. ते स्वच्छ पांढरं यायला लागलं की पिवळा थर संपला असं समजायचं. वक्र भागावर बोटांचा दाब सारखा राहत नाही, कडेला कमी, मध्ये जास्त. दोन दिव्यांना अख्खी सकाळ जाते आणि मनगट दोन दिवस दुखतं. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही दर वेळी दिव्याचंच थोडं प्लास्टिक खरवडत असता. २०२३च्या जूनमध्ये मी घासायला बसलो ती दुसरी खेप. त्यानंतर रात्री भिंतीवर पाहिलं तर उजेड भरपूर होता, पण त्याची वरची कड पूर्वीसारखी रेघेवर नव्हती, जराशी विस्कटलेली होती. त्याच घासणीने झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

त्याच आठवड्यात मेहुण्याने नव्या गाडीला पीपीएफ करून घेतलं. फिल्मचा उरलेला तुकडा एकाच दिव्याला पुरेल एवढा होता. तो उजव्या, म्हणजे जास्त उन्हातल्या दिव्याला लावून घेतला आणि डावीकडे पुन्हा सिरॅमिक केलं. मुद्दाम तुलना करायची असं काही डोक्यात नव्हतं, तुकडा एकच होता म्हणून तसं झालं.

पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीला डाव्या दिव्याची वरची कड पुन्हा पिवळसर व्हायला लागली. उजवा स्वच्छ होता. पीपीएफ दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीची असते, त्यामुळे ऊन अडवायला तिच्यात जागाच जास्त. तो अख्खा उन्हाळा तिने काढला. तरी माझं मत पक्कं झालं ते २०२५च्या फेब्रुवारीत. खडीच्या डंपरमागे होतो, त्यातला एक खडा उडून उजव्या दिव्यावर बसला. फिल्मला नखाएवढी चीर पडली आणि तिच्या कडा पांढऱ्या पडल्या. घरी आल्यावर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन फिल्म गरम केली, कोपरा नखाने उचलला आणि हळूहळू मागे ओढत गेलो. दहा-बारा मिनिटांत ती अख्खी निघाली. कडेला थोडा गोंद राहिला होता, तो अल्कोहोलच्या बोळ्याने गेला. खाली दिवा घासलेल्या दिवशी होता तसाच होता, खड्याचा ओरखडासुद्धा नाही. वॉटर पेपर काढावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दोन्ही दिव्यांना नवी फिल्म लावून घेतली. डाव्याला त्याआधी शेवटचं एकदा घासावं लागलं.

आता क्लिअर कोटबद्दल. चांगल्या पेंटरकडून करून घेतलेला टू-के क्लिअर कोट दिसायला तिन्हींत सरस, यात मला शंका नाही. चुलतभावाचे दिवे पहिल्या दिवशी शोरूममधून आल्यासारखे होते. कंपनीच्या मूळ थराच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच, आणि त्याला फिल्मसारखी कड नाही. पण टू-के म्हणजे हार्डनर (थर कडक करणारं रसायन) मिसळलेला, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून फुप्फुसांना घातक असलेलं द्रव्य असतं. योग्य मास्कशिवाय तो कोणी मारू नये, घरी तर नाहीच. हार्डनर नसलेला साधा कॅनचा स्प्रे मिळतो, त्याच्या भानगडीत पडू नका, तो लवकर पिवळा पडतो. भावाची गाडी लातूरला पत्र्याखाली उभी असते, तिथे तो कोट तीन वर्षं उत्तम टिकला. चौथ्या वर्षी खालच्या कडेने सुटायला लागला आणि खवले निघावेत तसे तुकडे निघाले. अर्धा भाग स्वच्छ, अर्धा उघडा. मग उरलेला सगळा कोट पेपरने काढावा लागला आणि तो कडक असल्याने घासायला माझ्यापेक्षा दुप्पट वेळ गेला. माझ्यासारखी उघड्यावरची गाडी असती तर तीन वर्षंही मिळाली असती का, याबद्दल मला शंका वाटते.

म्हणून ज्यांची गाडी छताखाली असते आणि ज्यांच्या ओळखीत भरवशाचा पेंटर आहे, त्यांनी क्लिअर कोटचा विचार जरूर करावा. दिव्यांवर कंपनीचा थर अजून शाबूत असेल, गाडी वर्ष-दोन वर्षांची असेल आणि हात थोडा आखडता असेल, तर सिरॅमिकही वाईट नाही. तिथे ऊन मूळ थरच अडवत असतो आणि कोटिंग त्याची राखण करतं. घासलेल्या, उघड्या प्लास्टिकवर मात्र एकट्या सिरॅमिकवर विसंबू नये असं मला वाटतं. आणि नवी गाडी घेत असाल तर पहिल्याच महिन्यात दिव्यांना पीपीएफ लावून टाका. दिवा एकदाही घासावा लागला नाही, तर याहून चांगलं काय.

पीपीएफला स्वतःचा त्रास आहे, तो लपवत नाही. तिच्या कडेला धुळीची केसाएवढी काळी रेघ धरते. पावसाळ्यात ती जास्त उठून दिसते. मी महिन्यातून एकदा जुना दात घासायचा ब्रश ओला करून कडेने फिरवतो, दोन मिनिटांचं काम. वॉशिंगवाल्याला प्रेशरचा फवारा कडेवर जवळून मारू नको म्हणून दर वेळी सांगावं लागतं, नाहीतर तिथून पाणी शिरून फिल्म उचलते. आणि पैसे जास्त. मला दोन्ही दिव्यांचे अठ्ठावीसशे पडले, म्हणजे सिरॅमिकच्या जवळजवळ दुप्पट.

दुकानात गेलात तर फिल्म टीपीयूची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) आहे का ते आधी विचारा. पीव्हीसीची स्वस्त फिल्म एखाद्या उन्हाळ्यातच स्वतः पिवळी पडते आणि काढताना तुकडे तुकडे होते. काळसर किंवा रंगीत फिल्म गळ्यात मारू पाहतील, ती घेऊ नका, रस्त्यावर पडणारा उजेड तीच खाते. पिवळा थर पूर्ण काढल्याशिवाय फिल्म लावू देऊ नका, नाहीतर तो तसाच खाली बंद होतो. पिवळेपणा किंवा ओल आतल्या बाजूने असेल, तर बाहेरून काहीही लावून उपयोग नाही, तिथे दिव्याचं सील तपासावं लागतं. लावल्यावर पहिले दोन दिवस गाडी धुवायची नाही. आमच्या गाडी पुसणाऱ्याला ते आदल्या रात्रीच सांगून ठेवावं लागलं, कारण तो पहाटे साडेपाचला बादली घेऊन हजर असतो.