फोल्डिंग ट्रॉली, मे ते डिसेंबर वापरून: ग्लास्टनबरी, गणपती आणि घोड्याची लीद

ज्यांना फक्त घ्यावी की नको एवढंच हवंय त्यांनी घ्या, पण दुकानात उभं राहून एकदा हँडल हातातून सोडून बघा आणि मगच कार्ड काढा. का ते खाली येईलच, कारण त्या हँडलबद्दल बोलल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

स्पेक परत लिहीत बसत नाही, तीच ती सगळीकडे मिळते ती कापडी वॅगन, मधला पट्टा वर ओढला की घडी होते, पुढची दोन चाकं गोल फिरणारी, मागची दोन फिक्स, लेबलवर ८० किलो लिहिलंय. किंमत ७९ पौंड, आणि घेतली ती ग्लास्टनबरीसाठी, म्हणजे इंग्लंडातला तो तंबूत राहायचा मोठा संगीत महोत्सव. बायको म्हणाली ७९ पौंडाची हातगाडी? आपल्याकडे भाजीवाले काय मूर्ख आहेत का? मी म्हटलं अगं ग्लास्टनबरीचं एकेक तिकीट ३७३.५० आणि वर ५ पौंड बुकिंग फी भरलीय आपण, १९७० ला पहिल्यांदा झालं तेव्हा १ पौंडात एन्ट्री आणि फार्मवरचं दूध फुकट होतं, आता एवढे घालवलेत तर निदान पाठ मोडून घेऊन तंबूत पडायला नको. यावर तिने "बघ बाबा" म्हटलं, म्हणजे परवानगी.

ज्यांनी अजून केलं नाहीये त्यांच्यासाठी एवढंच, की कार पार्क ते तंबू हे अंतर खरंच लांब आहे. हा महोत्सव जिथे होतो ते वर्दी फार्म म्हणजे मैदान नाही, सॉमरसेटमधली दरी आहे, दोन लाख माणसं राहतात आत, आणि तुम्हाला गाडी कुठल्या शेतात लावायला सांगतील ते तुमच्या हातात नसतं. गाडीपासून गेट, मग गेटची रांग, मग आत गेल्यावर जागा शोधत फिरणं. बुधवारी सकाळी ८ ला गेटं उघडतात आणि त्याच्या कितीतरी आधीपासून लोक रांगेत बसलेले असतात. सामान आमचं म्हणजे चौघांचा तंबू, चार स्लीपिंग बॅगा, गाद्या, खुर्च्या, बिअरच्या कॅनचा एक क्रेट (काच चालत नाही, कॅन चालतात, स्वतःची दारू नेता येते हे तिथलं सर्वात सभ्य धोरण) आणि बायकोने दिलेला दशम्या, चिवडा, लसणीच्या चटणीचा डबा. पाणी नेऊ नका हो, आत जागोजागी नळ आहेत, १० लिटरचा कॅन भरून ओढणारे लोक बघून जीव तुटतो, १० लिटर म्हणजे १० किलो झाले ना.

ओढायला गाडी छान. हे मान्य करतो. २०२५ ला जून कोरडा होता, जमीन कडक, आणि मुख्य रस्त्यांवर लोखंडी पट्ट्या टाकलेल्या असतात त्यावरून तर ती नुसती पळत होती, आमची पोरगी चढून बसली तरी कळलं नाही. जुन्या रेल्वेचा मार्ग साईटच्या मधून जातो तो सपाट आहे, जमेल तेवढं त्यावरून जा, उगीच शेतातून शॉर्टकट मारू नका. पेनार्ड हिलवर, म्हणजे साईटवरच्या टेकडीवर, तंबू लावायची हौस असेल तर एक जण पुढून ओढणारा आणि एक मागून ढकलणारा पाहिजेच. उतरताना मागच्या दांडीला दोरी बांधून एकाने मागे धरायची, नाहीतर गाडी तुमच्या टाचांवर येते.

आता हँडल.

हँडल उभं राहत नाही. बस एवढंच. पण हे "बस एवढंच" काय चीज आहे ते रांगेत कळतं. हात सोडला की खाडकन खाली. ना स्प्रिंग, ना खाच, ना लोहचुंबक, ना वेल्क्रोचा एक साधा पट्टा. बिजागरीत जरा घट्टपणा ठेवला असता तरी तिथल्या तिथे टेकून राहिलं असतं. रांग कशी चालते, दोन पावलं पुढे, थांबा, परत दोन पावलं, थांबा. म्हणजे प्रत्येक वेळी वाका, उचला, ओढा, सोडा, खाडकन. सोडायचं नसेल तर धरून उभे राहा, मग फोन कुठल्या हाताने बघायचा आणि चहा कुठल्या हाताने प्यायचा. मागचा एक ब्रिटिश म्हातारा त्यावर अडखळला आणि उलट मलाच सॉरी म्हणाला, मग मी सॉरी, मग तो परत सॉरी, हे सगळं त्या हँडलपायी. गेटवर सामान तपासतात तेव्हा सगळं उपसावं लागतं (म्हणून तपासायच्या बॅगा वर ठेवा, तंबू तळाला) आणि तिथेही ते आडवं पडलेलं, स्टुअर्ड बाई गोड आवाजात "जरा ते बाजूला घेता का". घेतो की. कुठे घेऊ? ते उभंच राहत नाही.

७९ पौंडात एक रबरी क्लिप बसत नाही? कप ठेवायला मात्र दोन जाळीदार खिसे दिलेत. चढउताराच्या शेतात, हलत्या गाडीत, कोण येडा उघडा कप ठेवणारे.

गाडी भरायचं पण सांगतो कारण यात बरेच जण फसतात. लेबलवरचे ८० किलो हे सपाट, कडक जमिनीवरचे असणार, चढावर आणि खड्ड्यात तो आकडा विसरायचा. जड वस्तू खाली आणि मागच्या चाकांच्या बाजूला. पुढे वजन गेलं की पुढची फिरकी चाकं मातीत नाक खुपसतात आणि आडवी होतात. तळाला जी फोल्डिंग फळी येते ती टाकाच, नाहीतर कापड मधोमध झोळीसारखं लोंबतं आणि खालच्या फ्रेमवर घासतं. आणि चाक घेताना रुंदी आणि उंची दोन्ही बघा. रुंद चाक मऊ जमिनीत कमी रुततं, पण खड्डा, दगड, पट्ट्यांची कड पार करायला उंच चाक लागतं, लहान चाक कितीही रुंद असलं तरी कडेला जाऊन थडकतं. हवेची चाकं कुणी सुचवली तर मी तरी नाही म्हणेन, रात्री तीनला पंक्चर कोण काढणार.

परत येताना सोमवारी जे दिसतं ते बघून कुठलीही ट्रॉली घ्यायच्या आधी विचार करावासा वाटतो. रस्त्याच्या कडेला मोडलेल्या गाड्या. कुणाचं चाक गेलंय, कुणाची फ्रेम वाकलीय, लोक तिथेच टाकून निघून जातात. ते दुभत्या गायींचं फार्म आहे, तंबूची एक खिळी गवतात राहिली तरी गाय जखमी होऊ शकते, म्हणून ते लोक काही मागे ठेवू नका म्हणून जीव तोडून सांगत असतात, आणि आपण आख्खी गाडी टाकून येतो. आमची धड परत आली. त्या दिवशी मी पाचपैकी चार म्हणालो असतो, एक हँडलचा कापून.

मग गणपती. २०२५ ला २७ ऑगस्टला बुधवारी होते, मंडळाचा कार्यक्रम अर्थात शनिवारी, हॉल भाड्याचा, आणि पार्किंग हॉलपासून लांब. इथे या गाडीने पैसे वसूल केले. मखराच्या फ्रेम्स, स्पीकर, पन्नासेक घडीच्या खुर्च्या थोड्या थोड्या करून, आणि मसालेभाताचं ते अजस्त्र पातेलं. मूर्ती नाही हां ठेवली, ती हातातूनच आणली, एका काकांनी आधीच बजावलं होतं की बाप्पा बिअरच्या गाडीतून येणार नाहीत. तेलाचे डाग पडले ते साबणाने निघाले, कापड चांगलं आहे. सगळं मस्त चाललेलं, गाडी स्टेजच्या बाजूला लावून ठेवली, कुणाचा तरी धक्का लागला आणि आरतीच्या मधे, "सर्वांगी सुंदर उटि शेंदुराची" म्हणत असताना, खाडकन. लाकडी फ्लोअर. सगळ्या माना वळल्या. रांगोळीचा एक कोपरा गेला तो वेगळाच.

इथपर्यंतचं सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं आणि टाकायचं राहिलं. बरं झालं राहिलं.

ऑक्टोबर संपता संपता अलॉटमेंटवर (भाजी लावायला भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा) घोड्याची लीद आणायला गाडी नेली. (जवळच्या तबेल्यात फुकट मिळते, पोती आपली न्यायची. फुकट म्हटल्यावर मी दोन पोती जास्तच घेतो.) पाऊस झालेला, चिखल, आणि अर्ध्या वाटेत मागचं डावं चाक वाकडं चालायला लागलं आणि मग सरळ निघूनच आलं. खाली बसून बघितलं तर चाकाच्या मधे बेअरिंग नाहीच, नुसता प्लास्टिकचा बुश, म्हणजे एक साधी नळी, तो लोखंडी ॲक्सलवर घासून घासून लंबगोल झालेला. ग्लास्टनबरीची धूळ आत गेली असणार, वर कुठे झाकण नाही, धूळ आणि प्लास्टिक म्हणजे पॉलिश पेपरच की. बुश ढिला झाल्यावर चाक डुगडुगून बाहेरची दातेरी चकती उडाली. वजन ८० च्या आतच होतं, वाद नको म्हणून सांगतोय.

मग सुरू झालं ते पत्रयुद्ध. दुकानाचं नाव लिहीत नाही. पहिलं उत्तर, हे नॉर्मल वेअर अँड टेअर आहे. दुसरं उत्तर, कंपनीशी बोला. तिसरं उत्तर, पुढच्या खरेदीवर २० टक्के सूट. म्हणजे मी अजून एक तसलीच घेऊ!

इथे यूकेवाल्यांनी नीट वाचा, कारण हे ट्रॉलीपुरतं नाही. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे तुमचा व्यवहार दुकानाशी असतो, कंपनीशी नाही, त्यामुळे "कंपनीशी बोला" हे ऐकून घ्यायचं नाही. पहिल्या ३० दिवसांत दोष निघाला तर सरळ परत करून पूर्ण पैसे. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत निघाला तर तो दोष मुळातच होता असं धरलं जातं, नव्हता हे दाखवायची जबाबदारी दुकानाची. त्यांना एकदा दुरुस्ती किंवा बदलून द्यायची संधी द्यावी लागते, ते फसलं तर पैसे परत, आणि सहा महिन्यांच्या आत असेल तर "तुम्ही वापरलीत ना" म्हणून कापून पण घेता येत नाहीत. मे ते ऑक्टोबर, म्हणजे मी आत होतो, जेमतेम. क्रेडिट कार्डचं सेक्शन ७५, म्हणजे ज्यात दुकानाबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, ते लागू झालं नाही, त्याला वस्तू १०० पौंडाच्या वरची लागते. म्हणजे २१ पौंड वाचवल्याची ही शिक्षा. तरी चार्जबॅकचा, म्हणजे बँकेकडून कार्डाचे पैसे परत मागायचा, रस्ता असतो तो बँकेला विचारून ठेवला होता.

हे सगळं थंड डोक्याने, एकही शिवी न घालता, बुशचा फोटो लावून मेल केलं. फोटो काढताना शेजारी स्केल ठेवा, भोक गोल राहिलं नाहीये हे लगेच दिसतं.

आणि मग जे झालं त्याची मी खरंच अपेक्षा केली नव्हती. आठवड्याभरात खोका आला, एक चाक नाही, चारही. आणि नवीन चाकांत बॉल बेअरिंग! बहुतेक पुढच्या मॉडेलची असणार, रबर पण जरा मऊ आहे. सोबत नवीन चकत्या. हातोडी आणि एक सॉकेट घेऊन दहा मिनिटांत बसवली, चकती ठोकायच्या आधी ॲक्सलला ग्रीस लावलं, तुम्हीही लावा. आता एका बोटाने ढकलली तर गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. कॉस्टकोची (ते घाऊक सामानाचं मोठं दुकान) आख्खी खरेदी, २० किलोचं तांदळाचं पोतं धरून, पोरगी एकटी ओढत आणते. त्यामुळे दुकानाबद्दल जे लिहिणार होतो त्यातलं अर्धं पुसून टाकलं. अर्धंच हं. पहिल्या तीन मेलचा मनस्ताप कोण भरून देणार.

तर चाकांचे मार्क वाढवले. बिनबेअरिंगची जुनी चाकं असलेली मिळाली तर ६० च्या वर देऊ नका, बेअरिंगवाली असेल तर ७९ ठीक आहेत. ओळखायचं कसं, चाक हवेत धरून फिरवा, दोन फेऱ्यांत थांबलं तर बुश. घाई नसेल तर जुलैत सेकंडहँड बघा, लोक एका फेस्टिव्हलपुरती घेतात आणि मग गॅरेजमध्ये जागा नाही म्हणून विकायला काढतात. २०२६ ला तर ग्लास्टनबरी नाहीच, फार्मला विश्रांतीचं वर्ष आहे, त्यामुळे त्यासाठी घेणाऱ्यांना २०२७ पर्यंत भरपूर वेळ आहे भाव करायला.

हँडलला बायकोने परकराची नाडी बांधून दिलीय, वरच्या दांडीला अडकवायची. काम करते. पण मी ती रिव्ह्यूत धरणार नाही, नाडी कंपनीने दिलेली नाही. तीन स्टार.