गेली होती एकच कॉइल, पैसे घेतले चारचे. हायवेवरच्या गॅरेजचा अनुभव

पेट्रोल गाडी असेल तर पूर्ण वाचा, मोठं झालंय पण कुणाचे तरी पैसे वाचतील म्हणून सगळं लिहितोय.

जून 2023 ची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, गाडीत आई, बायको आणि मी. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं साताऱ्यात, बहीण तिथेच असते म्हणून तिकडे करायचं ठरलेलं. शिरवळ मागे पडलं आणि पाऊस धो धो सुरू झाला, खंबाटकी घाट चढायला लागलो तशी गाडी मिसिंग मारायला लागली. ॲक्सिलरेटर दिला की झटके, पिकअप गायब, स्टिअरिंगपर्यंत थरथर, आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा सारखी उघडझाप करतोय. हा दिवा नुसता लागून राहिला तर एकवेळ सावकाश दाखवलं तरी चालतं, पण उघडझाप करायला लागला की समजायचं एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, आणि तशीच गाडी दामटली तर एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापून बाद होतो, तो पार्ट फार महाग असतो. एवढं ऐकून माहीत होतं म्हणून हळूहळू घाट चढलो, पलीकडे उतरलो आणि जे पहिलं गॅरेज उघडं दिसलं तिथे गाडी घातली.

माणसं बोलायला चांगली होती. आईला लगेच खुर्ची दिली, चहा मागवला. मालकाने विचारलं कुठे निघालात, आणि बायको सरळ मनाने सांगून गेली की सकाळी सासूबाईंचं ऑपरेशन आहे, काहीही करून रात्री पोचायचंय. आता विचार केला की वाटतं, आमचा रेट तिथेच ठरला.

त्याने स्कॅनर (बिघाडाचा कोड दाखवणारं मशीन) लावला, कोड आला पी0302. मी स्क्रीनचा फोटो काढून पुण्याला भावाला पाठवला, सहजच. मालक म्हणाला, "साहेब, कॉइलचा लोचा आहे, दाखवतो तुम्हाला."

आता कॉइल म्हणजे काय ते थोडक्यात. माझी गाडी 4 सिलिंडरची आहे, प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉइल बसलेली असते, बॅटरीच्या 12 व्होल्टचे ती वीस-तीस हजार व्होल्ट करते आणि त्यावर प्लग ठिणगी टाकतो. वरचं प्लास्टिक कव्हर काढलं की चार कॉइल ओळीने दिसतात, प्रत्येकीला एक 10 नंबरचा बोल्ट आणि एक वायरचं सॉकेट, बस.

त्याने एकेक कॉइल उपसली, तिच्या रबरी नळीत प्लग अडकवला, रबर पकडीत धरून हवेत धरली आणि पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं. स्पार्क नाही. दुसरी, नाही. तिसरी, नाही. चौथी, तीही नाही. "बघा साहेब, चारही गेल्यात, तुमच्या डोळ्यांसमोर आहे, मी खोटं कशाला बोलू." मी समोर उभा होतो, स्वतः बघितलं, मग शंका कशी येणार? बाहेर अंधार पडत आलेला, पाऊस थांबेना, आई खुर्चीत बसून पदराने चष्मा पुसतेय. मी हो म्हटलं.

पोऱ्या बाइकवर जाऊन पार्ट घेऊन आला, मला आतमध्ये केबिनमध्ये बसवलं, अर्ध्या तासाने गाडी तयार. आणि खरंच एकदम स्मूथ चालू झाली. बिल सतरा हजार. चार कॉइल 3,400 ने 13,600, चार प्लग 1,400, स्कॅनिंग 500, लेबर 1,500. मी जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "ते कंपनीला परत द्यावे लागतात, नाहीतर वॉरंटी मिळत नाही." बिल म्हणून एका साध्या एस्टिमेटच्या कागदावर आकडे लिहून दिले, वर गॅरेजचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं, विचारलं तर म्हणे भाच्याचं अकाउंट आहे. पाठवले.

आईचं ऑपरेशन नीट झालं, ती आता चष्म्याशिवाय पेपर वाचते, त्या बाबतीत देवाची कृपा.

पण तीन आठवड्यांनी ऑफिसला जाताना सिंहगड रोडवर पुन्हा तेच, झटके आणि दिवा. मग गाडी अण्णांकडे नेली, आमच्या घरच्या गाड्या ते बरीच वर्षं बघतात. सगळी हकीकत सांगितली, फोनमधला स्कॅनरचा फोटो दाखवला. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो अजून माझ्या कानात आहे. म्हणाले, "चारही कॉइल मेल्या असत्या तर गाडी घाट चढून त्याच्या दारात आली कशी?"

मी गप्प. चारही कॉइल बंद म्हणजे एकाही सिलिंडरला स्पार्क नाही, म्हणजे इंजिन चालूच होणार नाही. पण त्या वेळी, त्या पावसात, हे डोक्यातच आलं नाही.

फोटोतला कोडही बोलत होता. पी0302 मधला शेवटचा 2 म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट जळत नाही. एका ठिकाणी न ठरता इकडे-तिकडे मिसफायर होत असेल तर पी0300 येतो. कोड एका सिलिंडरचा असताना चार कॉइल मागणाऱ्याला तिथेच अडवायला हवं होतं.

मग स्पार्क का पडला नाही? अण्णांनी तेही करून दाखवलं. प्लगची लोखंडी बॉडी इंजिनला टेकलेली असेल तरच सर्किट पूर्ण होतं आणि ठिणगी दिसते. हवेत धरला तर अर्थिंगच मिळत नाही, चांगल्या कॉइलनेही प्लगच्या टोकाला स्पार्क दिसणार नाही. त्यांनी हवेत धरला, काही नाही, तोच इंजिनला टेकवला, निळी ठिणगी टचटच. हे घरी करून बघू नका प्लीज, जोरात शॉक बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. पण कुणी तुमच्यासमोर अशी टेस्ट केली तर प्लग कुठे टेकवलाय ते बघा.

आणि खरा पुरावा नंतर सापडला. अण्णांची सवय आहे, कॉइल काढल्या की त्यांच्या कानावर (बोल्ट बसतो त्या पट्टीवर) पांढऱ्या पेंटने नंबर टाकतात, 1 ते 4, म्हणजे परत लावताना अदलाबदल होत नाही. दोन वर्षांपूर्वी प्लग बदलताना टाकले होते. आता कॉइल काढून उलटसुलट बघितल्या तर वरचा पेंट थिनरने पुसलेला, कॉइल चकचकीत, पण पेंटचा एक ओघळ बोल्टच्या भोकाच्या खालच्या बाजूला गेला होता तो तसाच. एक, तीन आणि चार नंबरच्या कॉइलवर. तिन्ही माझ्याच जुन्या कॉइल! फक्त दोन नंबरची नवीन होती आणि तीही कुठल्यातरी बिननावाची, पार्ट नंबर नाही, रबर इतकं हलकं की तीन आठवड्यांत चिरलेलं. प्लगही जुनेच, वायर ब्रशने घासून लावलेले, ओरखडे स्पष्ट दिसत होते.

मूळ कारण वेगळंच होतं. दोन नंबरच्या प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, ऑइल साचलं होतं, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग लीक होतं. त्या ऑइलने कॉइलचं रबर फुगतं, मऊ पडतं, मग करंट प्लगच्या टोकाला न जाता रबरातून बाजूच्या लोखंडाला पळतो. सतरा हजार घेणाऱ्याने कॉइल काढली तेव्हा ते ऑइल त्याला दिसलं नसेल? शक्यच नाही, प्लग तेलात बुडाला होता. ते पुसलं, एक स्वस्तातली कॉइल टोचली आणि आम्हाला रवाना केलं. कॉइल ओरिजिनल 2,250, पॅकिंग 650, अण्णांचं लेबर 600, एकूण साडेतीन हजारात काम झालं. प्लगचे वेगळे दिले. त्यानंतर आजपर्यंत दिवा लागलेला नाही.

अण्णांनी एक साधी पद्धत सांगितली, कुठल्याही मेकॅनिकला करायला लावा. कोड दोन नंबरचा असेल तर दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावायची, कोड क्लिअर करून थोडी गाडी चालवायची. कोड बदलून पी0303 झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे ती कॉइल खराब. पी0302 च राहिला तर कॉइल बरी आहे, प्लग बघा, इंजेक्टर बघा, कॉम्प्रेशन बघा. एक पैशाचा पार्ट लागत नाही, दहा मिनिटं लागतात. जो हे करायला का-कू करतो त्याच्याकडे काम देऊ नका, मग रात्र झाली असली तरी चालेल. आम्ही गाडी तिथे सोडून एसटीने सुद्धा साताऱ्याला पोचलो असतो, आज हे कळतंय.

मी परत त्या गॅरेजला गेलो होतो, कॉइल आणि फोटो घेऊन. मालक म्हणाला गाडी आमच्याकडे आलीच नव्हती, बिल दाखवा. बिलावर नावच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पण समोरच्याचं नाव-पत्ता सिद्ध करायला माझ्याकडे तो एस्टिमेटचा कागद आणि तिसऱ्याच माणसाच्या खात्यात गेलेले पैसे एवढंच. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही, पण वकिलाने कागद बघितला आणि सांगितलं की समोरची पार्टी कोण हेच आधी शाबित करावं लागेल. तिथे मी थांबलो, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या बाजूला कधी घाईत कॉइल बदलून घेतल्या असतील तर इंजिन थंड असताना वरचं कव्हर काढा, 10 नंबरचा पाना घ्या आणि चारही कॉइलवरचे पार्ट नंबर एकमेकींशी जुळवून बघा. सॉकेटचं लॉक जुन्या गाडीत ठिसूळ झालेलं असतं, ओढू नका, आधी दाबा मग काढा. एकच वेगळी निघाली तर मला मेसेज करा, निदान दोघा-तिघांची तक्रार एकत्र तरी जाईल.