९३ टक्क्यांवर संपलेली गोष्ट: किशोरांच्या फँटसी कादंबऱ्या, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी तक्रार, मग शिफारशी. १३ ते १६ वयाच्या मुलांसाठी फँटसी घेताना लेखक कोण, बक्षिसं किती, सिनेमा निघाला का, हे सगळं नंतर बघा. पहिल्यांदा बघा की हातात आहे ती पूर्ण गोष्ट आहे की गोष्टीचा तुकडा. हे बऱ्याचदा कव्हरवर लिहिलेलं नसतं. कण्यावरही नसतं. मागच्या मजकुरात तर नसतंच, तिथे 'श्वास रोखून धरायला लावणारी' वगैरे असतं. नशीब असेल तर आतल्या पानावर बारीक टाइपात मालिकेचं नाव सापडतं, आणि हा पहिला भाग की तिसरा, ते आपण छपाईच्या सालावरून ताडायचं.

गेले काही महिने मी भाचीला (वय १४, वेग भयंकर) आणि तिच्या धाकट्या भावाला (वय १२, वाचनाशी उभं वैर) ही पुस्तकं पुरवतोय. हॅरी पॉटर काय आहे ते कुणाला सांगायला नको, त्यामुळे ते इथे नाही. ते संपल्यावर पुढे काय, एवढाच विषय. पैसे माझे, म्हणून मतंही माझी.

तर ९३ टक्के. भाची ई-रीडरवर एक जाडजूड कादंबरी वाचत होती. तळाशी ९३ टक्के दिसत होते, म्हणजे अजून निदान दोन प्रकरणं असणार या हिशोबाने ती निवांत होती. नायिकेने दार उघडलं, आत कोण आहे ते पाहून तिच्या हातातला दिवा पडला, आणि पुढच्या पानावर 'आभार'. त्यापुढे दुसऱ्या भागातलं पहिलं प्रकरण, नमुन्यादाखल. त्यापुढे त्याच लेखिकेच्या इतर पुस्तकांची यादी. उरलेले ७ टक्के ते हे. "मामा, हे संपलंच नाहीये," असं म्हणून तिने रीडर माझ्या हातात दिला, जणू काही मीच लिहिलंय. छापील पुस्तकातही हीच लबाडी चालते. उजव्या हाताला पानांची जाडी शिल्लक लागते आणि वाचणारा त्या भरवशावर असतो. पानांची संख्याही हा नमुना धरूनच सांगितलेली असते. मी आता पुस्तक उचललं की आधी शेवटून उघडतो आणि गोष्ट खरी कितव्या पानावर संपते ते बघतो. दुकानात लोक बघतात. बघू देत.

तुकडे पाडण्याची ही खोड जुनी आहे हे मला माहीत आहे. टोल्किनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली होती. युद्धानंतर कागद महाग होता आणि एवढा मोठा ग्रंथ खपेल का याची प्रकाशकाला धास्ती होती, म्हणून तिचे तीन खंड झाले. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये निघाला, तो नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला असताना संपतो. तिसरा आला ऑक्टोबर १९५५ मध्ये. जवळपास वर्षभर लोक तसेच टांगलेले. पण तिथे कारण तरी खरं होतं. आताचे पाच-पाच भाग कुठल्या कागदटंचाईमुळे पडतात?

यातून धडा घेऊन मी ठरवलं की घ्यायचा तर अख्खा संच घ्यायचा, आणि तोही वापरलेला, म्हणजे स्वस्तात पडतो. फिलिप पुलमनची 'हिज डार्क मटेरियल्स' ही तीन भागांची मालिका निवडली. पहिलं पुस्तक १९९५ चं, त्याला कार्नेगी पदक, म्हणजे ब्रिटनमधलं बालसाहित्याचं मोठं बक्षीस. तिसरं २००० चं, त्याला पुढे व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य पुरस्काराचा वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक हा मान, जो त्याआधी कुठल्याही बालपुस्तकाला मिळाला नव्हता. माल चोख. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे तीन पुस्तकांचा संच मागवला. आला. 'नॉर्दर्न लाइट्स', 'द गोल्डन कंपास' आणि 'द अँबर स्पायग्लास'.

ज्यांनी वाचलंय ते आत्ताच हसले असतील. पहिली दोन एकच पुस्तक आहेत. ब्रिटनमध्ये एक नाव, अमेरिकेत दुसरं. खरा दुसरा भाग 'द सटल नाइफ' संचात नव्हताच. भाचीने पहिलं संपवलं, दुसरं उघडलं, पहिलं पान वाचून म्हणाली, "हे तर तेच आहे." मग वेळ कशाला घालवा म्हणून थेट तिसरं उघडलं. तिथे नायिका लायरा एका गुहेत झोपलेली, तिला झोपवून कुणी ठेवलंय ते बघून हिचे डोळे मोठे, आणि मग थोड्या पानांनी: "मामा, हा विल कोण?" विल दुसऱ्या भागात येतो.

विक्रेत्याशी भांडण सविस्तर सांगत नाही, फक्त त्यातलं एक वाक्य सांगतो. मी दोन्ही पुस्तकांच्या पहिल्या पानांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. उत्तर आलं: "सर, तीन पुस्तकं आहेत, तिन्हींची नावं वेगळी आहेत, संच पूर्ण आहे." यावर काय बोलणार? शेवटी अख्खा संच परत घेऊ म्हणाले, पण हरवलेला भाग देणार नाही. भाचीने पहिल्या भागात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, त्यामुळे तोही मार्ग बंद. 'द सटल नाइफ' वेगळं विकत घेतलं, नवं, पूर्ण किमतीला. वापरलेला संच नव्या संचाच्या भावात पडला. तुम्ही घेणार असाल तर नावं नीट जुळवून घ्या. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचीही हीच दोन नावांची भानगड आहे, पण ती बहुतेकांना माहीत असते.

पुस्तकं कशी आहेत? अप्रतिम आहेत. माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात शेजारी चालतो, मूल लहान असेपर्यंत तो प्राणी रूप बदलत राहतो आणि वयात आलं की एका रूपात थांबतो. १४ वर्षांच्या मुलीला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. तिने घरातल्या प्रत्येकाचा प्राणी ठरवून टाकला. माझा खार. साठवतो म्हणे.

आता तुकड्यांच्या रागावरचा उतारा. उर्सुला ली ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. एका प्रकाशकाने मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हटलं म्हणून तिने हे लिहिलं. जेमतेम २०० पानं. जादूगारांची शाळा, गेड नावाचा गर्विष्ठ हुशार पोरगा, त्याने ईर्ष्येपोटी जगात सोडलेली एक सावली, आणि मग त्या सावलीचा पाठलाग. नंतर आणखी भाग आहेत, पण या भागात जे सुरू होतं ते याच भागात मिटतं. सुरुवातीला भाची कुरकुरली, कारण संवाद कमी आणि कुणीतरी जुनी कथा सांगतंय तसा ठाय सूर. ५० पानं कशीबशी ढकलली आणि मग हलली नाही. तिने एक गोष्ट पकडली जी माझ्या लक्षात आली नव्हती. आतला गेड तांबूस-तपकिरी रंगाचा आहे, त्या बेटांवरचे बहुतेक लोक सावळे किंवा काळे आहेत, आणि आमच्या जुन्या प्रतीच्या कव्हरवर चक्क गोरा मुलगा. ली ग्विन स्वतः यावर बरीच वर्षं चिडलेली होती, हे तिला सांगितल्यावर तिला फार बरं वाटलं.

सगळे भाग एकत्र हवेत तर चार्ल्स व्हेसच्या चित्रांची २०१८ ची एकखंडी आवृत्ती आहे, सुमारे १००० पानांची. सुंदर आहे, पण आडवं पडून वाचता येत नाही, आणि या वयाची मुलं दुसऱ्या कुठल्या अवस्थेत वाचतात? सुटे घ्या. चौथा भाग 'तेहानू' १९९० चा, तिसऱ्यानंतर १८ वर्षांनी लिहिलेला, आणि तो मुळात मोठ्यांचा आहे. तो थांबला तरी चालेल.

इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं, आणि धाकट्याने सगळा हिशोब उलटा केला.

वाचनाशी वैर असलेला हा मुलगा. त्याला मी पॅट्रिक नेसचं 'द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो' (२००८) दिलं ते केवळ पहिल्या पानासाठी. तिथे बोलणारा कुत्रा आहे आणि त्याला बोलता येऊ लागल्यावर सांगायचं असतं ते एवढंच की शी लागलीय. १२ वर्षांच्या मुलाला विकायला याहून चांगलं पान अजून छापलं गेलेलं नाही. गोष्टीतल्या गावात सगळ्यांचे विचार सगळ्यांना ऐकू येतात, आणि ते विचार पानावर वेगवेगळ्या वेड्यावाकड्या टाइपांत एकमेकांवर चढलेले छापलेत. इंग्रजीत मुद्दाम चुकीची स्पेलिंगं आहेत, कारण सांगणारा मुलगा शिकलेला नाही. माझ्या ताईला ते खटकलं ("आधीच याची स्पेलिंगं अशी"), धाकट्याला मात्र तेच आवडलं.

आणि या पुस्तकाचा शेवट माझ्या तक्रारीचा बादशहा आहे. तुटलेला, निर्लज्ज, भर कड्यावर सोडून दिलेला. मी कपाळाला हात लावून बसलो होतो की गेला हा पोरगा, आता पुन्हा पुस्तकाला शिवणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता त्याने विचारलं, "मामा, पुढचं आहे का?" आयुष्यात पहिल्यांदा त्याने पुस्तक मागून घेतलं. दुसरा भाग संपला, तिसराही. जो आधीच वाचतो त्याला तुटका शेवट फसवणूक वाटतो. जो वाचत नाही त्याला तोच शेवट ओढून पुढे नेतो. म्हणून माझं मत आता असं: कव्हरवर 'भाग पहिला' लिहा ही मागणी कायम, पण वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलासाठी असलं पुस्तक मुद्दाम शोधून घ्या. फक्त तिन्ही भाग आधी घरात आणून ठेवा आणि कुत्र्याबद्दल आधी काही बोलू नका.

'यंग अडल्ट' (म्हणजे किशोरांसाठी) या शिक्क्यावर फार विसंबू नका. सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये याच शिक्क्याखाली निघाली होती, नंतर प्रकाशकानेच कव्हरं बदलून ती मोठ्यांच्या विभागात नेली. जुन्या प्रती अजून फिरतात. मुलांना ओरडायचं कारण नाही, आपण आधी चाळून बघायचं.

एकट्या, म्हणजे एकाच भागात संपणाऱ्या पुस्तकांमध्ये सगळ्यात वसूल झालेलं म्हणजे फ्रान्सेस हार्डिंगचं 'द लाय ट्री'. पुलमननंतर कोस्टाचा (म्हणजे जुन्या व्हिटब्रेडचाच) वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळवणारं दुसरं बालपुस्तक, २०१५ चं. डार्विनचा काळ, शास्त्रज्ञ वडिलांचा संशयास्पद मृत्यू, आणि त्यांनी लपवून ठेवलेलं एक झाड. त्या झाडाच्या कानात खोटं सांगायचं आणि ते लोकांत पसरवायचं; जितके जास्त लोक विश्वास ठेवतील तितकं मोठं फळ, आणि ते खाल्लं की एक गुपित सत्य कळतं. भाची दोन दिवस गप्प होती. मग जेवताना मध्येच म्हणाली, "पण फळ हिला मिळतं आणि खोटं गावाकडे राहतं, त्याचं काय?" घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ फॉरवर्ड टाकणारे तिचे आजोबा समोरच बसले होते. कुणी काही बोललं नाही.

एकटंच हवं पण हलकं हवं असेल तर डायना विन जोन्सचं 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६). पुढे पुस्तकं आहेत, नाही वाचली तरी काही अडत नाही. सिनेमा पाहिला असला तरी वाचा, दुसरा अर्धा भाग बराच वेगळा आहे. दोनच भागांत आटोपणारं हवं तर ली बार्डुगोचं 'सिक्स ऑफ क्रोज'. मात्र दोन्ही एकदम घ्या, पहिला नेमका नको तिथे थांबतो. इंग्रजी जड जात असेल तर नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह काढा. कथा आहेत, एका बैठकीत एक, आणि कुठलीच पुढच्या भागावर ढकललेली नाही.

सध्या मी टेरी प्रॅचेटची टिफनी एकिंगची मालिका मागवली आहे. नऊ वर्षांची मेंढपाळ घरातली मुलगी, हातात तवा, आणि सोबत निळ्या कातडीचे भांडखोर वीतभर लोक. पाच भाग, 'द वी फ्री मेन' (२००३) पासून 'द शेफर्ड्स क्राउन' (२०१५) पर्यंत. शेवटचा भाग लेखक गेल्यावर निघाला. मी हीच मालिका का निवडली ते भाचीला सांगितलं तर ती म्हणाली तू क्रूर आहेस. पण हिशोब साधा आहे. हयात लेखकाचा भरवसा नाही. संपली म्हणून घेतलेल्या 'हंगर गेम्स'च्या तीन भागांना २०२० मध्ये आणि मग २०२५ मध्ये आणखी एकेक पुस्तक जोडलं गेलं. टोल्किन गेल्यावरही त्याच्या मुलाने कपाटातून पुस्तकं काढली. प्रॅचेटच्या अपुऱ्या लेखनाची हार्ड डिस्क मात्र त्याच्याच इच्छेनुसार २०१७ मध्ये एका जत्रेत वाफेच्या रोड रोलरखाली घालून चिरडली आहे. सहावा भाग निघत नाही.