पाटावर छापील चित्र: थिनरने की फेविकॉलने?

मावसबहिणीच्या रुखवतासाठी दोन पाट केले, रावेरकडच्या केळीच्या घडाचं चित्र उतरवून. एक थिनरने, एक फेविकॉलने. दोन्हीला झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटच हवी. तिची शाई म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. इंकजेटची शाई पाण्याने पसरते. चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून अक्षरं आधीच उलटी छापून घ्या.

थिनरचं काम झटपट. प्रिंट पालथी ठेवून मागून थिनरचा बोळा फिरवायचा, चमच्याने घासायचं. पण चित्र फिकट येतं. वासाने डोकं धरतं. खिडक्या उघड्या आणि गॅस बंदच हवा.

फेविकॉलला धीर लागतो. पातळ थर, त्यावर पालथी प्रिंट, बुडबुडे काढून रात्रभर वाळवणं. मग ओल्या बोटांनी कागदाचा लगदा हळूहळू सोडवायचा. जळगावच्या मे महिन्यात थर दुपारीच कोरडा वाटला, मी घाई केली आणि घडातली चार केळी बोटाला चिकटून आली. पाणीही बेताचंच घ्या, नाहीतर फेविकॉल मऊ पडतो. पांढुरकी झाक राहिली तर पुन्हा चोळा, शेवटी वार्निश. दुसऱ्यांदा मात्र रंग असे भरदार उतरले, की रुखवतात हाच पाट पुढे मांडला.